स्वतंत्र गायिका व्हायचंय, त्यासाठी सोलापूर सोडू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय पंचवीस, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी, गारमेंटच्या कारखान्यात हिशेबाचं काम आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गाणं. यूट्यूबवर दोन गाणी टाकली, चालली नाहीत. आता एका म्युझिक कंपनीने करार पाठवलाय. तीस हजार तुम्ही भरायचे, ते गाणं आणि व्हिडिओ करून देणार. तुम्ही विचारताय की सही करू का, नोकरी सोडू का आणि पुण्याला राहायला जाऊ का.

सही करू नका. नोकरी आत्ता सोडू नका. पुण्याला जरूर जा, पण हुतात्मा एक्स्प्रेसने, सकाळी जाऊन रात्री परत. कारणं सांगतो. करारापासून सुरुवात करू, कारण घाई त्याची आहे.

तुम्ही जे कलम उतरवून पाठवलंय त्यात गाण्याचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी कंपनीचे, असं म्हटलंय. पैसे तुमचे, आवाज तुमचा, चालही तुमचीच, आणि मालक मात्र ते. खरी म्युझिक कंपनी पैसे घालते आणि त्या बदल्यात हक्क मागते. ते पटो न पटो, निदान त्यात व्यवहार तरी असतो. इथे तेवढाही नाही.

एका गाण्यात कायद्याच्या नजरेत वेगवेगळे हक्क असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, आणि निर्माता म्हणजे ते मुद्रण करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. गायकाचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क याहून निराळा. हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना एक भक्कम आधार दिला: रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांनी करारात लिहून दिला तरी सुटत नाही, तो फक्त वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकतो. चाल तुमची असल्यामुळे हा आधार तुम्हालाही आहे. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे. गाणं रीतसर प्रसिद्ध झालं की सभासदत्वाचा अर्ज करा. गायक-वादकांसाठी वेगळी संस्था आहे, इसाम्रा. ती २०१३ मध्ये इस्रा या नावाने नोंदली गेली होती.

हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच सोपवता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द अशा करारात कधी विसरले जात नाहीत. तुमच्या करारात तीन वर्षं दुसरीकडे गाणं प्रसिद्ध करायचं नाही, हेही आहे. म्हणजे उद्या एखाद्या संगीतकाराने बोलावलं तरी तुम्हाला यांची परवानगी मागावी लागेल.

उलट प्रस्ताव पाठवून बघा. ध्वनिमुद्रणाची मालक मी, तुम्हाला या एका गाण्याच्या वितरणाचा तीन वर्षांचा परवाना, उत्पन्नाचा हिशेब दर सहा महिन्यांनी, मुदत संपली की गाणं माझ्याकडे परत. यावर त्यांचं उत्तर नकारार्थी आलं तर ते व्हिडिओ विकणारे दुकानदार आहेत असं समजा. व्हिडिओच करून घ्यायचा असेल तर लग्नांचं शूटिंग करणारी आपल्या गावातली पोरं त्याहून कमी पैशात नेटका करून देतील आणि तुमच्या चालीवर हक्क सांगणार नाहीत.

याच ओघात एक. करारातलं ते गाणं ज्यांनी लिहिलं ते कवी तुमच्या ओळखीचे आहेत आणि ‘खुशाल गा’ म्हणाले आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडूनही एका कागदावर सही घ्या. गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कशासाठी परवानगी, उत्पन्न आलं तर वाटा किती. अर्धं पान पुरतं. गाणं चालेपर्यंत सगळे मित्र असतात, चाललं की आठवणी वेगवेगळ्या निघतात.

आता ती दोन गाणी. दोन्ही जुन्या सिनेगीतांची कव्हर, विकत घेतलेल्या कराओके ट्रॅकवर. आवाज छान लागलाय, विशेषतः दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात. पण अशा गाण्यात तुमचं काय आहे? यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चाल ओळखते आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळवते. तो क्लेम, म्हणजे पैशांवरचा दावा, असतो; स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरची कारवाई, नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्याला तेच गाणं मूळ आवाजात एका बोटावर मिळतंय. कव्हर टाकू नका असं मी म्हणत नाही. आयोजकाला दाखवायला आवाजाचा नमुना म्हणून ती उपयोगी पडतात. त्यावर करिअर उभं राहत नाही, एवढंच.

मग गायचं काय? इथे सोलापूरकर असण्याचा फायदा आहे आणि तो आपल्यापैकी फार कमी जण उचलतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तुकोबा, नामदेव, चोखोबा, जनाबाई, कान्होपात्रा यांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, आणि इथे तर शतकं उलटली आहेत. मात्र चाल तपासायची. रेडिओवर ऐकून ऐकून जी चाल ‘पारंपरिक’ वाटते ती पुष्कळदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क शाबूत असतात. म्हणून शब्द गाथेतून घ्या आणि चाल स्वतः बांधा. लोकप्रिय अभंग सोडा, गाथेत हजारो आहेत. जो अभंग कुणी गायलाच नाही, त्याची तुलना कुणाशी होणार?

पुढचं तर अजून जवळ आहे. ज्यांच्या नावाने आपला गड्डा, म्हणजे जानेवारीतली यात्रा, भरतो ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे वचन नावाच्या छोट्या भक्तिरचना करणारे. त्यांची वचनं कन्नडात आहेत आणि शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराची खूण, येते. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला लोटणाऱ्या गर्दीतल्या मराठी माणसाला त्यांच्या वचनाची एक ओळही सांगता येत नाही. मराठीत भावार्थाची दोन वाक्यं बोलून मूळ कन्नड वचन गाणारी गायिका मला तरी इथल्या मंचावर अजून हवीच आहे. उच्चार मात्र कन्नड जाणणाऱ्याकडून घासून घ्या, अर्धवट उच्चारांचं गाणं कन्नड श्रोते खपवून घेत नाहीत. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. राम जोशींची रचना तालाच्या अंगाने अवघड आहे, पण विशारद झालेल्या गळ्याला ती अवघड वाटू नये.

आणि तुमची तेलुगू! ती तुम्ही प्रश्नात ओझरती सांगितलीत, मी तिला सगळ्यात वर ठेवेन. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, नवरात्रात बतुकम्मा हा फुलांचा सण होतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव निघतो. तुमच्या आजीला बतुकम्माची जी गाणी येत असतील ती फोनवर आजच रेकॉर्ड करून ठेवा, कुठलं कुणाचं, कुठल्या गावचं, हेही विचारा. तेलुगू, मराठी आणि थोडं कन्नड असा दोन तासांचा कार्यक्रम पुण्याच्या कितीही तयार गायिकेला जमणार नाही. तुम्हाला जमेल.

पैशाकडे येतो. आपल्या भागात गायकाचं घर चालतं ते मंचावर, स्ट्रीमिंगवर नाही. त्यामुळे वर्षाचं पंचांग समोर ठेवा. जानेवारीत गड्डा आणि संक्रांत. फेब्रुवारीत शिवजयंती. चैत्रात रामनवमी, अक्कलकोटला स्वामींचा प्रकटदिन. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि पुढे कितीतरी दिवस भीमगीतांचे कार्यक्रम; तिथला श्रोता जाणकार असतो, तयारीशिवाय त्या मंचावर चढू नका. अक्षय्य तृतीयेला बसवजयंती, मग मे महिनाभर हळदी-संगीत. आषाढी, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, कार्तिकी. पितृपक्ष कोरडा. लग्नाच्या तिथी संपल्यावर गणपती येईपर्यंतचा काळही तसाच, आषाढीचे दिवस वगळता. रेकॉर्डिंग, नवीन चाली बांधणं, घशाला विश्रांती, हे सगळं त्या कोरड्या काळात बसवा.

ऑर्केस्ट्रात तुम्हाला ठरलेले पैसे मिळतात आणि बाकीची डोकेदुखी मालकाची असते. स्वतःच्या नावावर सुपारी घेतलीत की डोकेदुखी तुमची. समजा गणपती मंडळाने चाळीस हजार कबूल केले. साउंड बारा हजार, चार वादक तीन-तीन हजारांनी बारा, निवेदक दोन, गाडी चार. उरले दहा. त्यातून तालमीचा चहा-नाश्ता आणि साडी. हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमचे दर वेगळे असतील, पण आधी खर्च मांडून मग बिदागी सांगायची, ही सवय पहिल्या कार्यक्रमापासून लावा. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला हे मी काय शिकवणार! तरी बघतो ना, चांगले चांगले गायक बिदागी ऐकून खूश होतात आणि रात्री वादकांना देताना हात आखडतात. वादकांचे पैसे कार्यक्रम संपताच, मंडळाने तुम्हाला दिले असोत वा नसोत. चांगला ढोलकीवाला तुमच्या तारखेला मोकळा राहतो तो याच कारणाने.

विसार निम्मा घ्या. तारीख त्यानंतरच वहीत चढवा. व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर मागवा: तारीख, जागा, वेळ किती, साउंड कोणाचा, गाण्यांचे परवाने आयोजकाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर विसार परत मिळणार नाही. आणि सत्काराचं एक वाक्य त्यात नक्की घाला. उघड्या मैदानावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. काही मोजक्या सणांच्या दिवशीच सरकार बारापर्यंत सवलत देतं. आपल्याकडे साडेसातचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो, मग पाहुणे येतात, शाल, श्रीफळ, मनोगत, आणि नऊ वाजून गेल्यावर तुमचं पहिलं गाणं. दहाला पोलीस आले की मंडळ म्हणतं, तुम्ही तर तासभरही गायला नाहीत, पैसे कमी घ्या. म्हणून लिहून ठेवायचं की ठरलेल्या वेळेपासून घड्याळ सुरू, भाषणात गेलेला वेळ धरला जाईल.

हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृहात स्वतः तिकीट लावून कार्यक्रम करायचा मोह सध्या टाळा. सभागृह भरायला आधी आपल्या नावाने येणारे लोक लागतात. ते मंडळांच्या आणि देवळांच्या मंचावर कमवायचे.

आकाशवाणी सोलापूरला सुगम संगीताची स्वरचाचणी द्या. उत्तीर्ण झालात तर बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणींतली एखादी मिळते. मानधन मोठं नसतं, पण ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे शब्द पत्रिकेवर आले की अक्कलकोट, पंढरपूरकडचे आयोजक वेगळ्या आवाजात बोलतात. रिअ‍ॅलिटी शोंबद्दलही तुम्ही विचारलंय. जमलं तर जा, करार आधी वकिलाला दाखवा, आणि तिथून परतल्यावर गायला स्वतःची चार गाणी तयार ठेवून जा.

आवाजाबद्दल मला जरा काळजी वाटली. ‘कार्यक्रमानंतर दोन दिवस घसा बसतो’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. तो बसायला नको. ऑर्केस्ट्रात मूळ गाण्याच्या पट्टीत गायचा हट्ट असतो, कारण ट्रॅक त्या पट्टीत असतो. दोन तास स्वतःच्या पट्टीच्या वर ताणून गायलं की स्वरतंतूंवर सूज येते आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर गाठी होतात. ट्रॅक अर्धा किंवा एक सूर खाली आणणं आता फोनवरसुद्धा होतं. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, मागा आणि त्यात वाद्यांपेक्षा स्वतःचा आवाज जास्त ठेवायला सांगा. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो. आपला उन्हाळा कोरडा, मे महिन्यात दिवसभर पाणी लागतं, मंचावर चढताना एक बाटली पिऊन भागत नाही. आवाजातला घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. ज्येष्ठमध आणि खडीसाखर तोपर्यंत चालेल, उपचार म्हणून नाही. सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, सोडू नका.

रेकॉर्डिंगसाठी तीस हजार बाजूला काढलेच आहेत तर त्यात साधा कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, बंद हेडफोन आणि पॉप फिल्टर येऊन थोडे उरतील. खोली लहान आणि सामानाने भरलेली निवडा. भिंतींवर जाड चादरी सोडा, त्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. चादरीने खोलीतली खणखण कमी होते, शेजारच्या यंत्रमागाची घरघर थांबत नाही. त्यासाठी माग बंद असेल ती वेळ गाठायची, आणि पंखाही बंद. तोंड माइकपासून वीतभर. चोवीस बिट, अट्ठेचाळीस किलोहर्ट्‌झ, आणि सगळ्यात जोराच्या जागीसुद्धा पातळी लाल रेघेच्या बरीच खाली राहील असं ठेवा. मिक्सिंग स्वतः करू नका. त्यासाठी पुण्यातला एखादा चांगला माणूस धरा आणि त्याला वेव्ह फायली पाठवा, एमपीथ्री नको. पहिल्या वेळी शेजारी बसून मिक्स ऐका. तीच हुतात्माची फेरी. राहायला जाऊन तिथलं भाडं भरण्याइतकं काम पुण्यात तुमची वाट बघत नाहीये, आणि इथलं पंचांग मात्र हातचं जाईल.

प्रसिद्ध करताना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणारा, लागतो, तो वर्षाची फी घेतो किंवा उत्पन्नातला वाटा. प्रत्येक मुद्रणाला अक्षरं आणि अंक मिळून बारा चिन्हांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवा; उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक वापरला की बहुधा जुने प्ले टिकतात. गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव अचूक भरा, आयपीआरएसचे पैसे त्यावरच ठरतात. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघणं लागतं. शॉर्ट्सचा रस्ता निवडलात तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नाहीत त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे दहा गाणी घाईने टाकण्यापेक्षा दोन नीट टाका, पंचांग बघून टाका. आषाढीचा अभंग एकादशीच्या दिवशी टाकून उपयोग नाही, पालख्या निघायच्या आधी टाका. रीळ करणाऱ्यांना तो तेव्हा हवा असतो.

कंपन्या आणि मोठे आयोजक टीडीएस कापतील, पॅन द्या आणि विवरणपत्रात वळता करून घ्या. वर्षाला वीस लाखांच्या आत आहात तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही.

राहिली नोकरी. गाण्याचं खातं पगाराच्या खात्यापासून वेगळं करा आणि वर्षभर वही ठेवा. कोरड्या महिन्यांसकट वर्षाची गाण्याची शिल्लक पगाराच्या निम्म्यावर आली की कारखान्यात अर्ध्या दिवसाचं काम मागा. हिशेबाच्या कामात मालक ते देतात, विशेषतः माणूस विश्वासाचा असेल तर. शिल्लक पूर्ण पगाराएवढी सलग दोन वर्षं आली की राजीनाम्याचं बोलू. आणि कंपनीला उत्तर मेलवर पाठवा, फोनवर नको. ‘आजच सही केली तर सवलत’ असं ते म्हणतील, तेव्हा ती सवलतही मेलवरच मागा.